आजोबांची फेल्ट हॅट

सुरतेच्या बंदरात उतरलेल्या परक्या व्यापाऱ्यांना आपल्या पूर्वजांनी जी नावे दिली, त्यांत एक नाव त्यांच्या डोक्यावरून पडलेले आहे. ते नाव म्हणजे 'टोपीकर'. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात हा शब्द येतो आणि फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे सारे त्या एका शब्दात सामावतात. इंग्रजांचे 'हेक्टर' हे जहाज घेऊन विल्यम हॉकिन्स १६०८ च्या ऑगस्टमध्ये सुरतेस आला. त्या काळी युरोपातील श्रीमंतांची हॅट उत्तर अमेरिकेच्या नद्यांत राहणाऱ्या बीव्हर नावाच्या प्राण्याच्या मऊ केसांची असे. पागोटी आणि पगड्या पाहण्याची सवय असलेल्या सुरतकरांना ती रुंद काठाची, न शिवलेली, न विणलेली वस्तू किती चमत्कारिक वाटली असेल!

याच टोपीकरांच्या शहरात काही साधूही राहत होते, आणि मौज अशी की त्यांचेही नाव डोक्यावरील वस्त्रावरूनच पडलेले होते. कापुचिन संघाचे हे नाव त्यांच्या झग्याला जोडलेल्या टोकदार कुंचीवरून आले आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा या संघाच्या फादर अम्ब्रोज यांच्या निवासाला त्यांनी उपद्रव होऊ दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने नमूद केले आहे.

पण आमचा आजचा विषय इतिहास नव्हे. टोपीकरांचे राज्य गेले, त्यांच्या कोठ्या गेल्या. त्यांची हॅट मात्र आपल्या कित्येक घरांतील पेटाऱ्यांत अजून पडून आहे. कोणाच्या आजोबांनी ती लग्नात घातली होती, कोणाच्या वडिलांनी रेल्वेच्या नोकरीत पहिल्या पगारातून घेतली होती, कोणाचे काका बँडमध्ये वाजवीत आणि ती तिरपी ठेवीत. आज ती धुळीने राखी झाली आहे, काठ वाकला आहे, आतील चामड्याची पट्टी सुकून तडकली आहे. घराची साफसफाई निघाली की प्रथम तिच्यावर गदा येते. 'आता ही कोण घालणार?' असा प्रश्न निघतो, आणि अनेकदा त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो: 'ही साहेबी वस्तू आपली कशी?'

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी दिले पाहिजे. हॅट हे एके काळी सत्तेचे चिन्ह होते आणि ती घालणाऱ्या देशी माणसाची, विशेषतः ख्रिस्ती माणसाची, टवाळी होत असे, हे खरे आहे. परंतु त्याच हॅटचा दुसरा इतिहासही विसरता येत नाही. डिसेंबर १९२८ मध्ये साँडर्सच्या वधानंतर भगतसिंग लाहोरमधून निसटले ते साहेबी पोशाख करून व डोक्यावर हॅट घालून. दुर्गाभाभी पत्नीच्या वेषात आणि आपल्या खेडचे राजगुरू नोकराच्या वेषात त्यांच्याबरोबर होते. पुढे एप्रिल १९२९ मध्ये असेंब्लीत बाँब टाकण्यापूर्वी दिल्लीत काढलेल्या छायाचित्रातही भगतसिंगांच्या डोक्यावर फेल्ट हॅटच आहे. गांधीजींनी विद्यार्थिदशेत लंडनला एकोणीस शिलिंग देऊन उंच हॅट घेतली होती, याची कबुली त्यांच्या आत्मकथेत आहे. पुढे ज्यांच्या नावाने पांढरी टोपी देशभर गेली, त्याच गांधीजींनी १९२९ साली उन्हापासून रक्षण करणाऱ्या सोला हॅटची बाजू घेऊन लिहिले. वस्तू परकी आहे म्हणून तिचा गुण नाकारावा, असे त्यांना वाटले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची फेल्ट हॅट तर छायाचित्रांतून सर्वांच्या परिचयाची आहे. नागपूरजवळच्या चिचोली येथे वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या नित्य वापरातील वस्तू जपून ठेवल्या. त्यांत कपडे आहेत, हॅट आहे, टंकलेखन यंत्र आहे. काळाने जीर्ण झालेल्या या वस्तूंवर लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेतील तज्ज्ञांनी उपचार केले. थोरांच्या हॅटसाठी प्रयोगशाळा पुढे येते. आपल्या आजोबांच्या हॅटसाठी आपल्यालाच हात चालवावे लागतील. ते काम अवघड नाही, पण त्याला धीर हवा.

फेल्ट म्हणजे काय ते प्रथम समजून घ्यावे. काश्मीरचा नमदा आणि आपल्याकडील बुरणूस ही त्याचीच भावंडे होत. लोकरीच्या किंवा सशाच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि धाग्याविना, मागाविना कापड तयार होते. पोप संत क्लेमेंट यांनी प्रवासात दुखऱ्या पायांसाठी पायताणात लोकर घातली आणि चालता चालता तिचा नमदा झाला, अशी दंतकथा आहे. त्यावरूनच हॅट बनविणारे कारागीर त्यांना आपले आश्रयदाते मानीत व २३ नोव्हेंबरला त्यांचा सण पाळीत. नमदा संत क्लेमेंट यांच्याहून कितीतरी जुना आहे, हे निराळे. दंतकथेतला कारागिरीचा भाग मात्र अचूक आहे: ओल, ऊब आणि दाब. हॅट बनते ती या तिहींनी, बिघडते तीही या तिहींनी, आणि दुरुस्त होते तीही या तिहींनीच.

येथे एक धोक्याची सूचना दिल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येत नाही. सशाच्या वा बीव्हरच्या केसांचा फेल्ट चांगला जमावा म्हणून ते केस पूर्वी पाऱ्याच्या क्षाराने भिजवीत. त्या वाफेने कारागिरांचे हात कापू लागत, बुद्धीही भ्रमिष्ट होई. अमेरिकेत ही पद्धत १९४१ साली बंद झाली. त्यापूर्वीच्या केसाळ फेल्टमध्ये पाऱ्याचा अंश राहिलेला असू शकतो. म्हणून फार जुन्या हॅटला वाफ देणे ती डोक्यावर घालण्यापेक्षा अधिक जोखमीचे आहे. अशा हॅटला ओसरीवर, वाहत्या हवेत, हातमोजे घालूनच हात लावावा. मुलांना जवळ येऊ देऊ नये, आणि स्वयंपाकघरात तर हे काम मुळीच करू नये. शंका असेल तर वाफ देऊच नये, नुसती धूळ झाडून ती ठेवणीत ठेवावी.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिले काम ब्रशचे. मऊ केसांच्या ब्रशने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, हलक्या हाताने धूळ काढावी. काळ्या हॅटचा ब्रश पांढऱ्या हॅटला लावू नये. तेलकट डागावर कॉर्नफ्लोअर पसरून रात्रभर ठेवावे आणि सकाळी झटकून टाकावे. साबणाचे पाणी आणि रॉकेल ही दोन्ही औषधे हॅटला मारक आहेत, मग शेजारी कितीही आग्रह करोत.

आकार बिघडला असेल तर किटलीच्या तोंडातून निघणारी वाफ वीतभर अंतरावरून द्यावी आणि फेल्ट नरम होताच बोटांनी काठ व माथा सारखा करावा. वाफ देण्यापूर्वी आतील चामड्याची पट्टी बाहेर उलटवून घ्यावी. चामडे तापले की आकसते, आणि मग हॅट कोणाच्याच डोक्यात जात नाही. हॅटवाल्यांजवळ लाकडी कलबूत असतो. आपल्याकडे तो नसला तर योग्य मापाचे पातेले पालथे घालून त्यावर स्वच्छ फडके टाकावे, काम भागते. हॅटचे माप डोक्याच्या घेराचे असते. सत्तावन्न सेंटिमीटर घेराच्या डोक्याला अमेरिकन पद्धतीची सव्वासात इंचांहून किंचित लहान, म्हणजे सात पूर्णांक एक अष्टमांश मापाची हॅट बसते. सैल असेल तर पट्टीमागे कागदाची घडी घालावी; घट्ट असेल तर वाफेने थोडीच वाढते, फार ताणली की फाटते.

पाण्यात बुडालेल्या हॅटची गोष्ट वेगळी आहे, आणि सुरतेला ती सांगायला नको. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. असा प्रसंग आल्यास चिखल ओला असताना घासू नये. पट्टी बाहेर काढून हॅट त्या पट्टीवर उभी करावी आणि पंख्याखाली सावकाश वाळू द्यावी. उन्हात वा चुलीजवळ नाही. चिखल पूर्ण वाळला की तो ब्रशने आपोआप सुटतो.

पुरापेक्षाही मोठा शत्रू म्हणजे कसर. तिचा पतंग निरुपद्रवी असतो, खाते ती अळी; तिला अंधार, घामाचा डाग आणि न हलविलेली पेटी प्रिय. डांबरगोळ्यांचा वास आम्हाला आवडत नाही, आणि लहान मुलांच्या घरात त्या विषासमान आहेत. त्यापेक्षा हॅट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून खोल थंड फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर खोलीइतकी ऊब येईपर्यंत पिशवी उघडू नये. कसरीने पाडलेले बारीक भोक बुजविण्यासाठी पट्टीखालचा, न दिसणारा फेल्ट खरवडून त्याचे केस वापरता येतात. फीत मात्र खुशाल नवी लावावी. कापडाच्या व्यापारावर जगणाऱ्या सुरतेत फितीचा तोटा तो कसला! पुरुषी हॅटच्या फितीची गाठ डाव्या बाजूस येते, एवढे ध्यानात ठेवावे.

इतके करून हॅट पुन्हा पेटीतच ठेवली तर श्रम अर्धे वाया गेले. वापरातली हॅट हलते, झाडली जाते, तिला वारा लागतो. कसरीला तेथे थारा मिळत नाही. तापीकाठच्या वैशाखात फेल्ट घालणे मूर्खपणाचे होय, तेथे गवताची हॅट बरी. पण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या सकाळी, पहाटेच्या प्रवासात, लग्नाच्या वरातीत ती शोभून दिसते आणि कान व मानही झाकते. माथ्याला चिमटा घेऊन ती उचलू नये, त्याच जागी फेल्ट प्रथम फाटतो. काठाला धरून उचलावी. देवळाच्या पायरीवर पुरुषाने ती काढून हातात घ्यावी, ही आपली जुनी रीत आजोबांना ठाऊक होती. नातवाला सांगावी लागेल.

टोपी जपण्याची रीत ख्रिस्तसभेलाही नवी नाही. पोप चौथे इनोसंट यांनी १२४५ साली कार्डिनलांना तांबडी, रुंद काठाची हॅट दिली, आणि कार्डिनलांच्या मृत्यूनंतर ती त्यांच्या थडग्यावर टांगण्याची प्रथा पडली. १९६९ साली ही हॅट देणे बंद झाले. त्यापूर्वी, १९५३ मध्ये, भारताचे पहिले कार्डिनल झालेले वॅलेरियन ग्रेशस यांची तांबडी हॅट मुंबईच्या होली नेम कॅथीड्रलमध्ये जतन केलेली आहे. मुंबईस जाणाऱ्या वाचकांनी ती अवश्य पाहावी.

आणि घरी परतल्यावर आपल्या हॅटसाठी भिंतीत खिळा मात्र ठोकू नये. खिळ्यावर टांगलेल्या हॅटला काही दिवसांत शिंग फुटते. फळीवर, माथा खाली आणि काठ वर अशी ती पालथी ठेवावी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ओसरीवर आणून झाडावी.