किरणं दिलेलं बियाणं खाल्लं तर चालतं का? कडधान्यातल्या प्रथिनांचं गणित

कल्याण, मुरबाड, शहापूर तालुक्यांत भातकापणी उरकली की खाचरातल्या ओलीवर वाल, मूग, हरभरा टाकतात. डोंबिवलीच्या बाजारात सोललेल्या डाळिंब्यांना गिऱ्हाईक असतंच. पण ती विकतात वजनावर, आत प्रथिनं किती ते कोणी विचारत नाही.

भातात प्रथिनं साधारण ७-८ टक्के, वाल-मुगात २० टक्क्यांच्या वर. म्हणून गावात भातासोबत वालाचं बिरडं किंवा मुगाची आमटी असते, ते बरंच आहे.

हे प्रमाण अजून वाढवायचा एक मार्ग म्हणजे बियाण्याला गामा किरणं देणं. ‘किरणं’ म्हटलं की लोक दचकतात. पण एक्स-रे काढलेला माणूस किरणं अंगात घेऊन घरी येत नाही, तसंच बीही किरणोत्सारी होत नाही. बाहेरच्या जीवाचं जनुकही त्यात घालत नाहीत. बियाण्याच्या स्वतःच्याच गुणसूत्रांत बदल होतात, तेही कसेही. पहिल्या पिढीत बरीच झाडं खुरटतात, खरा फरक दुसऱ्या पिढीत दिसतो. हजारो झाडांतून कामाची मोजकी निवडायची आणि गुण स्थिर होईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या लावत राहायचं. चिकाटीचं काम आहे.

हे काम आपल्या शेजारीच, मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात चालतं. त्यांनी अकोल्याच्या कृषी विद्यापीठासोबत काढलेलं टीएयू-१ हे उडदाचं वाण १९८५ साली महाराष्ट्रासाठी आलं. किरणांतून मिळालेल्या वाणाचा संकर करून ते तयार झालं. नावातला टी ट्रॉम्बेचा, ए अकोल्याचा. मुगात भुरी रोगाला दाद न देणारं टीएआरएम-१ आहे.

ही वाणं मुख्यतः उत्पादन आणि रोगासाठी नावाजली. प्रथिनांचं काम जास्त अवघड, कारण ती डोळ्यांना दिसत नाहीत. प्रयोगशाळेत दाण्यातला नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणतात, तेव्हा आकडा कळतो. त्यातही फसगत होते. दाणा सुरकुतला, पीठ कमी भरलं, की प्रथिनांचा टक्का आपोआप वाढलेला दिसतो. टक्का वाढला आणि एकरी माल घटला, तर शेतकऱ्याच्या हाती काय राहणार?

त्यामुळे पाकिटावर नुसतं ‘हाय प्रोटीन’ वाचून जादा पैसे मोजू नका. वाणाचं नाव आणि प्रमाणित बियाण्याचा टॅग बघा, पक्कं बिल घ्या. मूग-उडीद स्वपरागी आहेत, एकदा चांगलं वाण मिळालं तर दोन-तीन वर्षं घरचंच बी निवडून ठेवता येतं. तुरीत मात्र मधमाश्यांमुळे सरमिसळ होते.