रील बनविणाऱ्याकडे कंपनी केव्हा वळते?



मोठेपणी काय होणार असे नवव्या-दहाव्या वर्गात विचारले, तर पूर्वी शिक्षक, पटवारी, फौजी, डॉक्टर अशी उत्तरे येत. आता प्रत्येक वर्गात दोन-चार मुले तरी "युट्यूबर" असे उत्तर देतात. काही पालक हे ऐकून कपाळाला हात लावतात, तर काहींना वाटते की मोबाईल उघडला की पैसा पडतो. दोन्ही समजुती अर्धवट आहेत. हा एक धंदा आहे, त्याची रीत आहे आणि आता त्याला कायदाही आहे. तो समजून घेतलेला बरा.

पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. पहिली वाट युट्यूबची. आपल्या व्हिडिओवर युट्यूब जाहिराती दाखवते व त्या उत्पन्नातला वाटा देते. त्यासाठी किमान १,००० सबस्क्रायबर आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले गेलेले व्हिडिओ, किंवा ९० दिवसांत १ कोटी वेळा पाहिले गेलेले शॉर्ट्स लागतात. दुसरी वाट म्हणजे एखादी कंपनी थेट आपल्याकडे येते व म्हणते, आमच्या मालाविषयी तुमच्या प्रेक्षकांना सांगा. मुलांच्या भाषेत याला "कोलॅब" म्हणतात. खरी कमाई बहुधा या दुसऱ्या वाटेने होते आणि खरी फसवणूकही तिथेच होते.

मग कंपनी कोणाकडे येते? मुलांना वाटते, ज्याचे फॉलोअर जास्त त्याच्याकडे. संख्येला महत्त्व आहेच, पण कंपनी विकत घेते ती संख्या नव्हे. एका ठराविक विषयात लोकांचा आपल्यावर जो विश्वास बसला आहे, तो ती काही काळ भाड्याने घेते. हे एकदा ध्यानात आले की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जवळच्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचे उदाहरण घेऊ. २०२० साली, वयाच्या सत्तरीच्या घरात, नातवाच्या मदतीने त्यांनी "आपली आजी" हा चॅनल सुरू केला. विषय एकच, घरचा स्वयंपाक. भाषा गावची, भांडी रोजची. प्रेक्षक विचारू लागले की आजी, हा मसाला मिळतो कुठे? पुढे आजींच्या नावाने मसालेच विक्रीस आले. म्हणजे त्या स्वतःच ब्रँड झाल्या. मधुरा बाचल यांनी तर २००९ साली परदेशात राहत असताना सुरुवात केली आणि आज त्यांच्याही नावाचे मसाले बाजारात आहेत. ठाण्याच्या प्राजक्ता कोळी यांनी २०१५ मध्ये घरातल्या माणसांच्या गमतीजमतींवर व्हिडिओ बनविणे सुरू केले आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने त्यांना हवामानविषयक युवा दूत म्हणून निवडले. "भाडिपा" मंडळींनी २०१६ पासून मराठी घरातल्या आई-मुलांचे बोलणे जसेच्या तसे पडद्यावर आणले. यांपैकी कोणीही आज नाच, उद्या क्रिकेट, परवा राजकारण असे केले नाही. प्रत्येकाची एक ओळख आहे.

तुम्ही म्हणाल, ही मोठ्या शहरांची गोष्ट. मग आपल्या शेजारच्या छत्तीसगडकडे पाहा. रायपूर जिल्ह्यातील तुलसी हे गाव युट्यूबचे गाव म्हणून ओळखले जाते. तिथे २०१८ च्या सुमारास काही तरुणांनी सुरुवात केली, मग घरची म्हातारी माणसेही कॅमेऱ्यासमोर आली. २०२३ मध्ये प्रशासनाने गावात स्टुडिओ उभारून दिला. त्यांची जमेची बाजू काय? त्यांची छत्तीसगडी बोली.

आता किरनापुरात या. आपल्या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. समजा आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने पऱ्हे टाकण्यापासून रोवणी, निंदण, कापणी, मळणी आणि शेवटी शिजलेल्या भाताच्या वासापर्यंत संपूर्ण हंगाम आपल्या बांधीतून दाखविला. पोवारी, मरारी किंवा घरी जी बोलतो त्या भाषेत दाखविला. त्याचे फक्त चार हजार फॉलोअर झाले, पण ते सगळे बालाघाट, गोंदिया, भंडाऱ्याचे धान पिकविणारे. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या नाचाच्या एका रीलला पाच लाख व्ह्यूज मिळाले, पण पाहणारे कुठले, कोण, काही ठिकाण नाही. गोंदियाचा ट्रॅक्टर विक्रेता किंवा बालाघाटचा बियाणेवाला यांपैकी कोणाला फोन करील? मला तरी उत्तर स्पष्ट दिसते. पाच लाख लोकांना दाखवून एकही ट्रॅक्टर विकला जात नसेल तर त्याला काय उपयोग?

कंपनीचा माणूस आकड्यांपेक्षा खालची प्रतिक्रिया वाचतो. "मस्त भाऊ" अशा शंभर ओळींपेक्षा "हे बियाणे एकरी किती लागते?" असे विचारणारे पाच जण त्याला मोलाचे वाटतात. पैसे देऊन फॉलोअर वाढविणाऱ्यांची लबाडी येथेच उघडी पडते. पन्नास हजार फॉलोअर आणि प्रतिक्रिया सात, हे गणित पाचवीच्या मुलालाही कळेल.

बाकी तयारी साधी आहे. आठवड्याचा एक दिवस ठरवावा व तो मोडू नये. चित्रापेक्षा आवाज स्वच्छ हवा. खाते "प्रोफेशनल" केले की प्रेक्षक कोणत्या गावचे, कोणत्या वयाचे हे कळते. ती माहिती, आपला विषय आणि आपले चांगले तीन व्हिडिओ एका पानावर मांडून ठेवावे. ईमेलचा पत्ता खात्यावर द्यावा. कंपनी येण्याची वाट पाहत बसू नये, गावच्या दुकानदारापासून सुरुवात करावी. आणि पासवर्डाबरोबर दुसरा कोड लागेल अशी सोय करून घ्यावी. "आपली आजी" चॅनल २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हॅक झाला होता. परत मिळाला हे नशीब.

पालकांनी पुढचा भाग लक्ष देऊन वाचावा, अशी विनंती आहे. ज्या मुलाचे खाते जरा वाढते, त्याला पहिला निरोप बहुधा चांगल्या कंपनीचा नसतो. तो सट्ट्याच्या ॲपचा असतो, नाहीतर "आधी नोंदणी फी भरा, मग माल पाठवू" असा असतो. खरी कंपनी जाहिरात करणाऱ्याकडून पैसे मागत नाही, देते. पैशांच्या ऑनलाईन खेळांविषयी संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला. त्यात अशा खेळाची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तीस सेकंदांच्या रीलसाठी ही जोखीम कोणी घ्यावी?

पैसे घेतले असतील तर ते उघड सांगावे लागते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये याचे नियम केले आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने मार्गदर्शिका काढली. रोख पैसेच नव्हे, फुकट मिळालेली वस्तू किंवा हॉटेलातला मुक्काम मिळाला असेल तरी "जाहिरात" किंवा "प्रायोजित" असे स्पष्ट दाखवायचे. व्हिडिओत ते लिहूनही आणि बोलूनही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत, पुन्हा तसेच केले तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. मात्र माल तपासून, खात्री करून बोललो हे दाखविता आले तर जाहिरात करणारा वाचतो. म्हणून गोरे करणारी क्रीम आणि आठ दिवसांत वजन घटविणारी पावडर यांच्या वाटेला जाऊ नये. वापरून पाहिली नाही त्या वस्तूची स्तुती करणे म्हणजे ज्या बिया पेरायच्या, त्याच भरडून खाणे होय.

कराचेही थोडे. १ जुलै २०२२ पासून कंपनीने वर्षात २०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तू भेट दिल्या आणि आपण त्या ठेवून घेतल्या, तर त्यावर १० टक्के कर कापला जातो. वस्तू दाखवून परत केली तर नाही.

आणि वय. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, पण मोबाईलच्या जमान्यातही तोच लागू आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार कायद्याने टिकत नाही. त्यामुळे कागदावर सही पालकांची, बँक खाते पालकांच्या देखरेखीचे आणि कंपनीशी बोलणेही पालकांचे. किती व्हिडिओ, किती दिवसांत, पैसे केव्हा, आपला व्हिडिओ कंपनी आणखी कुठे वापरणार, एवढे तरी लेखी घ्यावे. २०२५ पासून भारतात इन्स्टाग्रामवर १८ वर्षांखालील मुलांचे खाते आपोआप खासगी ठेवले जाते. १६ वर्षांखालील मुलाला ते बदलायचे असेल तर पालकांची परवानगी लागते. ती मागितली तर का मागितली, हे आधी विचारावे.

विश्वस्त मंडळींसमोर दोन सूचना ठेवीत आहे. शाळेच्या गणवेशात किंवा आवारात कोणत्याही मालाची जाहिरात चित्रित होऊ नये, कारण त्या चित्रात बाजूला उभी असलेली मुलेही दिसतात आणि त्यांच्या पालकांना कोणी विचारलेले नसते. दुसरे असे की, ज्या विद्यार्थ्याला एखाद्या कंपनीचा निरोप आला असेल त्याने पालकांसह तो कागद कार्यालयात आणावा. वाणिज्य विषयाचे शिक्षक मधल्या सुट्टीनंतर तो वाचून समजावून देतील. सही त्यानंतर करावी.