विश्लेषण : टूरिंग सायकल घेतली, पण पंक्चर कोण काढणार? पालमसारख्या गावातून लांबचा प्रवास कसा शक्य?

मोठ्या शहरातून मागवलेले लांबट खोके घरी येते. पुठ्ठा फाडला जातो, आतून जाड टायरची, लांब फ्रेमची सायकल बाहेर निघते. गल्लीतली पोरे भोवती जमतात. पहिला प्रश्न असतो, ‘केवढ्याची?’ आणि उत्तर ऐकल्यावर येणारे वाक्यही ठरलेले : ‘एवढ्यात तर मोटारसायकल आली असती!’ परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या तालुक्याच्या गावात टूरिंग सायकल घेणाऱ्याला हे ऐकावेच लागते. नव्या सायकलीचा आनंद खरा असतो. मात्र, तो टिकतो की दोन महिन्यांत सायकल जिन्याखाली जाते, हे उत्साहापेक्षा काही साध्या तांत्रिक गोष्टींवर ठरते. त्या कोणत्या, याविषयी.

टूरिंग सायकल म्हणजे नेमके काय?

शर्यतीची सायकल वेगासाठी आणि माउंटन बाइक खडकाळ वाटांसाठी असते. टूरिंग सायकल बनते ती ओझे घेऊन अनेक दिवस चालण्यासाठी. कपडे, पाणी, अवजारे, वेळप्रसंगी तंबू असे १५ ते २० किलो सामान लादूनही ती डगमगू नये, अशी तिची रचना असते. त्यासाठी दोन चाकांमधील अंतर जास्त ठेवले जाते. मागच्या कॅरिअरवर पिशव्या लावल्यावर टाच त्यांना घासत नाही, याचे कारण हेच. फ्रेम बहुधा क्रोमोली पोलादाची असते. ती ॲल्युमिनियमपेक्षा जड असते, पण खड्ड्यांचे हादरे काही प्रमाणात पचवते आणि तुटलीच तर वेल्डिंगने सांधता येण्याची शक्यता जास्त असते. चाकांना अनेकदा ३६ स्पोक असतात. शर्यतीच्या सायकलीला ते बरेच कमी असतात. टायरची रुंदी साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर. कॅरिअर, मडगार्ड आणि पाण्याच्या बाटल्या बसवण्यासाठी फ्रेमवर तयार छिद्रे असतात. घेताना आधी पाहायचे ते हेच. सायकल दिसायला कितीही देखणी असली, तरी कॅरिअर बसवायला जागा नसेल तर लांबच्या प्रवासात सगळे ओझे पाठीवर येते.

गिअरचे गणित काय सांगते?

साध्या काळ्या सायकलीला समोर ४४ आणि मागे १८ दातांची चक्रे आहेत, असे समजू. पायडलच्या एका फेरीत मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरते आणि सायकल जवळपास साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे उत्तम. चढ लागला की मात्र उतरून ढकलावे लागते.

टूरिंग सायकलीच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये समोर २६ आणि मागे ३४ दाते असतील, तर एका फेरीत सायकल जेमतेम १.७ मीटर सरकते. म्हणजे तोच चढ, तेवढेच वजन, पण प्रत्येक फेरीत लागणारा जोर सव्वातीन पटींनी कमी. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी सहा किलोमीटर पडतो. हा वेग भरभर चालणाऱ्या माणसाइतकाच, पण गुडघे शाबूत राहतात आणि सामानासह चढ पार होतो. दुसऱ्या टोकाला समोर ४८ आणि मागे ११ दात्यांवर तीच सायकल एका फेरीत साडेनऊ मीटर धावते. गिअर शक्ती निर्माण करत नाही. असलेली शक्ती रस्त्याप्रमाणे वाटून देतो. नवे सायकलस्वार सुरुवातीला जड गिअरवर जोर लावतात आणि आठवडाभरात गुडघा धरून बसतात. त्यापेक्षा हलका गिअर आणि जास्त फेऱ्या ही सवय पहिल्या दिवसापासून लावलेली बरी.

अशी सायकल नसली तर प्रवास होत नाही का?

होतो. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांच्यापैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा या तिघांनी सुमारे ७१ हजार किलोमीटर अंतर कापून १८ मार्च १९२८ रोजी मुंबई गाठली. इराण-इराकच्या वाळवंटातून ते गेले, तेव्हा आजच्यासारख्या गिअरच्या आणि डिस्क ब्रेकच्या सायकली नव्हत्याच. २०१८ मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने वयाच्या विशीत सुमारे २९ हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा १५९ दिवसांत पूर्ण केली. तिच्या हाताशी आधुनिक सायकल होती. तरीही थंडी, एकटेपणा आणि स्पेनमध्ये झालेली लूटमार यांतून सायकलने तिला वाचवले नाही.

या दोन प्रवासांत जवळपास शतकाचे अंतर आहे. दोन्हींतून एकच बाब दिसते : चांगली सायकल प्रवास सोपा करते, पण वाटेत बिघडलेले स्वतः निस्तरण्याची तयारी ही सायकलस्वाराकडेच असावी लागते. पालमहून निघणाऱ्याला तर ही तयारी पहिल्याच महिन्यात लागते.

पालममध्ये पहिली अडचण कोणती येते?

हवा भरण्याची. अनेक टूरिंग सायकलींच्या ट्यूबला ‘प्रेस्टा’ नावाचा बारीक, लांब व्हॉल्व्ह असतो. गावातल्या पंक्चरच्या दुकानातील नळी त्यावर बसत नाही. उपाय साधा आहे : पितळेचा छोटा अडॅप्टर. तो बसवला की मोटारसायकलची हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरनेही काम भागते. ट्यूब निवडता येत असेल आणि रिमचे छिद्र मोठे असेल, तर मोटारसायकलसारखा ‘श्रेडर’ व्हॉल्व्हच घेतलेला सोयीचा.

दुसरी अडचण टायरची. साध्या सायकलीचे टायर ‘२८ इंची’ म्हणून ओळखले जाते आणि टूरिंग सायकलीच्या ‘७०० सी’ टायरवरही कधी कधी २८ लिहिलेले असते. नाव सारखे, माप वेगळे. पहिल्याच्या रिमचा बसण्याचा व्यास ६३५ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२२. त्यामुळे एकाचे टायर दुसऱ्याला चालत नाही. टायरच्या कडेला छापलेला ‘३८-६२२’ असा आकडा पाहणे हाच खात्रीचा मार्ग. एक जादा टायर घरात ठेवणे ही इथे चैन नसून गरज ठरते.

तिसरी अडचण खोके उघडल्याबरोबर येते. हँडल, पुढचे चाक, सीट आणि पायडल घरीच बसवायचे असतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आवळायचे. हे माहीत नसताना पान्याने जोर लावला, तर क्रँकचे आटे जातात आणि नवी सायकल पहिल्याच दिवशी दुरुस्तीला निघते. पुढचा चिमटा उलटा बसवणे ही दुसरी नेहमीची चूक.

पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये काय करावे?

आधी सीटची उंची. भिंतीला टेकून उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला ०.८८३ ने गुणावे. हे अंतर ८० सेंटिमीटर असेल, तर क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ७०.६ सेंटिमीटर उंची येते. पुढचा बदल पाच-पाच मिलिमीटरने, गुडघ्याचे ऐकून करावा.

पहिल्या शे-दीडशे किलोमीटरमध्ये गिअर आणि ब्रेकच्या नव्या केबल थोड्या सैल पडतात. गिअर अडखळू लागतो. हा दोष नसून अपेक्षित बाब आहे. केबलची ताण-नळी थोडी फिरवली की काम होते. याच काळात स्पोकही बसतात. चाकाची आउट काढून सगळे स्पोक सारखे ताणून घेतले नाहीत, तर सामान लादल्यावर मागच्या चाकाचे स्पोक तुटू लागतात. येथे गावातला जुना सायकल मेकॅनिक कामाला येतो. गिअर त्याच्या सवयीचा नसेल, पण आउट काढण्यात त्याचा हात बसलेला असतो.

सोबत दोन ट्यूब, पॅच, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, ॲलन चाव्या, चेन जोडायची कडी आणि दोन-चार स्पोक असावेत. मागचा गिअर फ्रेमला जिथे जोडला जातो, तो ‘हँगर’ नावाचा तुकडाही जादा घ्यावा. सायकल पडल्यावर आधी तोच वाकतो आणि जवळपास प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. सायकल घेतानाच तो मागवला नाही, तर नंतर किरकोळ तुकड्यासाठी अनेक दिवस सायकल उभी राहते. निघण्यापूर्वी मागचे चाक काढून, ट्यूब बदलून, चाक पुन्हा बसवण्याचा सराव घराच्या अंगणात तीन वेळा तरी करावा. रस्त्यावर उन्हात पहिल्यांदा करण्याचे हे काम नव्हे.

इथल्या रस्त्यांवर वेगळे काय सांभाळावे?

काटे, माती, ऊस आणि ऊन. शिवारातल्या वाटांवर बाभळीचे काटे आणि सराटे टायरमध्ये घुसतात. टायर आणि ट्यूबच्या मध्ये जाड पट्टी टाकली किंवा ट्यूबमध्ये सीलंट भरले, तर पंक्चर कमी होतात. पावसाळ्यात काळी चिकण माती मडगार्ड आणि टायरच्या फटीत बसून चाकच जाम करते. डांबरी रस्ता सोडायचा नाही, हा पावसाळ्यातला सोपा नियम. शक्य असेल तर मडगार्ड आणि टायरमध्ये जास्त फट ठेवावी.

प्रवासाचा उत्तम हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मात्र, हाच ऊस गाळपाचाही हंगाम. अंधारात मागे दिवा वा रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर भेटू शकतात. त्यामुळे पहाटे निघायचे असेल तर उजाडल्यावरच, पुढे-मागे दिवे आणि चमकणारे जॅकेट घालून निघावे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. तेव्हा सकाळी दहाच्या आत घरी परतणेच शहाणपणाचे.

पहिला प्रवास कुठे करता येईल?

जवळच. तालुक्यातच गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट आहे. काठापर्यंत जाऊन परतणे ही रिकाम्या सायकलीची पहिली फेरी. नदीला पाणी असताना बेटावर जाण्याचा हट्ट मात्र नको. दुसरी फेरी गंगाखेडची, संत जनाबाईंच्या जन्मगावाची. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. दमछाक झालीच, तर तेथे रेल्वे स्थानक आहे. या दोन्ही तालुक्यांच्या दक्षिणेला बालाघाटच्या रांगा आहेत. हलक्या गिअरची परीक्षा तेथे होते.

सामानासह पहिला मुक्काम करायचा तर लोहामार्गे कंधार हा चांगला पर्याय आहे. राष्ट्रकूटकालीन भुईकोट किल्ला पाहून दुसऱ्या दिवशी परतता येते. तिसऱ्या टप्प्यात साठेक किलोमीटरवरचे नांदेड. जड सामान कॅरिअरवर उंच न रचता दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत खाली आणि समान वाटून ठेवावे. सहा महिन्यांनी हुरूप कायम असेल, तर ‘ब्रेव्हे’ प्रकारच्या बिनशर्यतीच्या राइड आहेत. त्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात.

खर्च परवडतो का?

साधी सायकल काही हजारांत मिळते; चांगली टूरिंग सायकल आणि पिशव्या यांचा हिशेब लाखाच्या घरात जाऊ शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वी ६० हजार रुपये किंमत असलेल्या सायकलीवर त्यामुळे ४२०० रुपये वाचतात. एवढ्या रकमेत पंप, अवजारे, ट्यूब आणि दिवे येऊ शकतात. नव्याच सायकलीचा आग्रह नसेल, तर जुनी, गिअर नीट चालणारी सायकल घेऊन तिला मजबूत कॅरिअर लावणे हाही पर्याय आहे.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरच्या परिघात राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अर्थसाह्य मिळते. २०२२ मध्ये ही रक्कम ३५०० वरून ५००० रुपये झाली. ग्रामीण भागात सायकल ही आजही आधी शाळेची आणि शेताची गरज आहे. गावातला मेकॅनिक टिकून आहे, तो या सायकलींमुळे. महागडी सायकल घेणाऱ्याने आउट काढणे, बेअरिंगला ग्रीस भरणे ही कामे शहरात न नेता त्याच्याकडेच दिली आणि गिअरचे सुटे भाग त्याच्यासमोर उघडून दाखवले, तर दोघांचाही फायदा आहे. पुढच्या वेळी गिअर अडकला तर नांदेड किंवा परभणी गाठावे लागणार नाही, आणि गावात दुसरी टूरिंग सायकल आली तर तिच्या मालकाला दुरुस्तीचा पत्ता शोधत फिरावे लागणार नाही.