फिशटँकमधला मासा जखमी झालाय? औषधाआधी पाणी बघा

पोरांच्या हट्टाखातर काचेची टाकी आणि दोन-चार गोल्डफिश आता खेडोपाडीही बऱ्याच घरांत आलेत. पण मासा जखमी झाला की विचारायचं कुणाला? गाय, शेळी दवाखान्यात नेता येते, मासा घेऊन कोण जाणार?

आमच्याकडे गेल्या वर्षी धाकटीच्या गोल्डफिशची शेपटी फिल्टरच्या तोंडात अडकून फाटली. मी घाईघाईने अख्खी टाकी रिकामी केली, फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतला, ताजं पाणी भरलं आणि मासा आत सोडला. संध्याकाळी तो वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागला. सकाळी मेलेला. पोरगी दोन दिवस जेवली नाही नीट. खरं तर मासा शेपटीच्या जखमेने मेलाच नव्हता, माझ्या साफसफाईने मेला होता.

झालं काय, तर गावच्या टाकीत त्या दिवशी टीसीएल पावडर पडली होती. त्यातल्या क्लोरीनने माणसाला काही होत नाही, पण माशाचे कल्ले भाजून निघतात. दुसरी चूक स्पंजची. माशाच्या शरीरातून सतत अमोनिया बाहेर पडतो, आणि स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचं शेवटी नायट्रेट करतात. युरिया टाकल्यावर जमिनीतले जिवाणू करतात तेच काम. क्लोरीनच्या पाण्यात स्पंज धुतला की ते जिवाणू खलास, आणि मासा अमोनियात पोहतो.

म्हणून मासा जखमी दिसला तर पाणी बदला, पण रोज फक्त चौथा हिस्सा. नवीन पाणी बादलीत 24 तास उघडं ठेवलेलं पाहिजे. बोअरचं पाणी असेल तर क्लोरीन नसतो, तरी तेही रात्रभर ठेवा, कारण त्यात हवा कमी असते. स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात नुसता पिळून घ्या.

आता मिठाचं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. जखमेतून पाणी आत शिरतं, क्षार बाहेर जातात, आणि ते सावरण्यात माशाची ताकद खर्च होते. पाण्यात थोडं मीठ असलं की हा भार हलका होतो. प्रमाण लिटरला 1 ग्रॅम. टाकी किती लिटरची हे अंदाजाने धरू नका. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा, 1000 ने भागा. 60 बाय 30 च्या टाकीत 25 सेंटिमीटर पाणी असेल तर 45 लिटर होतात, म्हणजे 45 ग्रॅम साधं जाडं मीठ. मगात विरघळवून दिवसभरात तीन-चार वेळा थोडं थोडं ओता. खडे तसेच टाकू नका. मीठ उडून जात नाही, त्यामुळे नंतर 10 लिटर पाणी बदललं तर 10 ग्रॅमच घाला. पाणी नुसतं आटलं असेल तर मीठ अजिबात नको. टाकीत खऱ्या वनस्पती असतील तर जखमी माशाला वेगळ्या टबात घेऊन मीठ द्या, काही वनस्पतींना ते सोसत नाही.

माशाला कोरड्या हाताने धरू नका. अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कातडं राखणारं औषध आहे. हळद चोळणं, कोंबड्यांची पावडर टाकणं, जनावराची अँटिबायोटिक गोळी कुटून टाकणं, हे सगळं आपल्याकडे चालतं. नका करू. जखमेवर कापसासारखा पांढरा बुरा आला तर मिथिलीन ब्लू मिळतं, ते वेगळ्या टबातच वापरा. टाकीत टाकलं तर स्पंजवरचे जिवाणू जातात.

पहिला दिवस खाद्य बंद, मग दोन मिनिटांत संपेल एवढंच. लाईट गेली की हवेचा पंपही बंद पडतो. अशा वेळी टाकीतलंच पाणी मगाने उंचावरून ओतत राहा, दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं. रात्री-अपरात्री भारनियमन असेल तर बॅटरीवरचा छोटा पंप घेतलेला बरा.

यंदा नव्या गोल्डफिशच्या एका बाजूचे खवले गेलेले दिसले, कातडं लाल. आधी कळेना. रात्री बॅटरी मारून बघितलं तर काच साफ करायला आणलेला सकर त्याच्या अंगाला चिकटून बसलेला. दुकानदाराने ‘काचेवरचं शेवाळ खातो’ एवढंच सांगितलं होतं. हा मासा मोठा झाला की गोल्डफिशसारख्या संथ माशाच्या अंगावरचा थर खरवडतो. कारण काढलं नाही तर मीठ घालून उपयोग नाही.

सकर बाहेर काढला, बाकी वर लिहिलं तसंच केलं. आठवड्यात लाली गेली. खवले यायला जास्त दिवस लागले, आणि नव्यांचा रंग जरा वेगळा आहे. फाटलेला पर बुडापासून तुटला नसेल तर तोही भरून येतो, आधी कडेला पारदर्शक पातळ पडदा दिसतो. त्याला कुजका भाग समजून औषध टाकू नका.

राहिला सकर. घरी सगळे म्हणत होते, नदीत सोडून द्या. पण लोकांनी सोडलेले हे मासे उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतात आणि जाळी फाडतात. दुकानदाराला परत नेऊन दिला. पैसे काही मिळाले नाहीत.