अलीकडे, पलीकडे आणि चतुःसीमा

पुण्याहून नगर रस्त्याने निघालेल्या इसमाला सणसवाडी शिक्रापूरच्या अलीकडे लागते आणि रांजणगाव पलीकडे; तोच इसम शिरूरकडून परतू लागला, की गावे जागची न हलताही दोन्ही शब्दांची अदलाबदल होते, आणि तरी शिक्रापूरच्या चाकण चौकात वाट विचारणाऱ्याचा सहसा घोटाळा होत नाही, कारण ऐकणारा क्षणभर बोलणाऱ्याच्या जागी उभा राहून आरंभबिंदू मनाशी ठरवून घेतो.

हा बिंदू ठरविण्याच्या तीन तऱ्हा भाषाशास्त्रज्ञ स्टीफन लेव्हिन्सन यांनी वेगळ्या काढल्या. घराचे 'पुढे' त्याच्या दरवाजावरून, म्हणजे वस्तूच्या स्वतःच्या घडणीवरून ठरते. वडाला दर्शनी बाजू नसल्यामुळे तेथे पाहणाऱ्याची दृष्टी उसनी घ्यावी लागते. ती कशी घ्यावी याबद्दलही जगात एकवाक्यता नाही, पश्चिम आफ्रिकेतील हौसाभाषक झाडापलीकडच्या वस्तूला झाडापुढची म्हणतात. तिसरी तऱ्हा दिशांची. ऑस्ट्रेलियातील गुगू यिमिथिरभाषक हाताशी असलेल्या वस्तूलाही डावी-उजवी न म्हणता दिशेने ओळखतात, आणि मेजावरील वस्तूंची ओळ पाहून, पाठ फिरवून दुसऱ्या मेजावर ती तशीच मांडावयास सांगितली असता त्यांच्यापैकी बहुतेकांनी दिशा कायम राखल्या, डच लोकांनी डावे-उजवे.

आपल्या मुलखात ही तिसरी तऱ्हा दस्तऐवजांनी पत्करली आहे. खरेदीखतातील चतुःसीमा पूर्वेपासून उत्तरेपर्यंत लिहिली जाते, आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम २१ शहरातील घर रस्त्याच्या उत्तरेस की अन्य बाजूस आहे हे नमूद करावयास लावते. हद्दीचा कज्जा दोन पिढ्यांनी उभा राहिला, तर मजकूर लिहिणारा कोणीकडे तोंड करून बसला होता याची साक्ष कोण देणार?

मात्र दिशा आणि दृष्टी यांनीही सारे उलगडत नाही. पाटीत शिगोशीग भरलेल्या कांद्यांपैकी सर्वांत वरचा कांदा काठाच्या बाहेर असूनही 'पाटीत'च असतो, कारण पाटी उचलली की तोही तिच्याबरोबर जातो; आणि भूमितीच्या न्यायाने बोट अंगठीत असताना आपण मात्र अंगठी बोटात घालतो. कोरियन भाषेत तर घट्ट बसविण्याच्या क्रियेला, ती आत असो वा वर, 'किदा' हे एकच क्रियापद चालते, आणि तेथील मुले वयाची दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच ते त्याच रीतीने वापरू लागतात, असे सूनजा चोई आणि मेलिसा बोवरमन यांनी १९९१ साली दाखविले. मूल 'आत' आणि 'वर' या कल्पना आधी स्वतः सिद्ध करते व भाषा त्यांना मागाहून केवळ नावे पुरविते, हा समज त्यानंतर पूर्वीच्या निःशंकपणाने मांडता येत नाही.