रणगाडा पडद्यावर, पायदळ आठवणीत

सातारा/सांगली - युद्ध म्हटले की शहरी प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे रणगाडा उभा राहतो. 'बॉर्डर'ने (१९९७) लोंगेवालाची, तर 'पिप्पा'ने (२०२३) गरीबपूरची लढाई लोकांपर्यंत पोहोचविली. 'पूना हॉर्स' या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत धारातीर्थी पडले. त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी फौजा शरण आल्या.

सातारा-सांगलीची युद्धस्मृती मात्र प्रामुख्याने पायदळाची आहे. येथील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मराठा लाइट इन्फंट्रीत भरती होत आले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जवानांचे स्मारक आहे. कराडमध्ये १९७१च्या विजयाप्रीत्यर्थ 'विजय दिवस' अनेक वर्षे साजरा होत आला आहे.

चित्रपटाला एक नायक आणि अडीच तासांची कथा लागते. त्यामुळे रणगाड्यातील अधिकारी स्मरणात राहतो. खंदकातील शिपाई मागे पडतो. १९७१ मध्ये लढलेले जवान आता सत्तरीपलीकडे आहेत. त्यांच्या आठवणींची वेळीच नोंद झाली नाही, तर पुढील पिढीला ते युद्ध केवळ पडद्यावरचेच ठाऊक राहील.