टेंगूळ आलंय, स्कॅन करायचा का?

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला ताईचा फोन. चौदा महिन्यांचा भाचा दिवाणावरून फरशीवर पडला होता. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, पण लगेच रडला, आता दूध पिऊन खेळतोय. "सीटी स्कॅन करून टाकू का गं? मनाची शांती." मी डॉक्टर नाही (झालेच तर पीएच.डी.वाली होईन, तीही कधी ते गाईडना विचारा). पण मुलांच्या डोक्याला मार लागल्यावर स्कॅनचा निर्णय कसा घ्यावा, हाच माझ्या प्रबंधाचा विषय. तिला म्हटलं, आधी बालरोगतज्ज्ञांना फोन लाव; ते काय विचारतील ते मी सांगते.

भीती कशाची असते? कवटीच्या आतल्या रक्तस्रावाची. कानशिलाकडचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. हाड तडकून ती फाटली, तर हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठत जातं. फसवं असं की मूल काही वेळ अगदी ठीक दिसू शकतं आणि मग गुंगीत जातं. वेळेत कवटी उघडून गोळा काढला, तर बहुतेक मुलं छान बरी होतात. गोळा लहान असेल आणि मूल शुद्धीवर असेल तर नुसतं दाखल करून लक्ष ठेवतात, गरज पडल्यास पुन्हा स्कॅन करतात.

मग सगळ्यांचाच स्कॅन का नको? किरणोत्सर्गामुळे. २०१२च्या ब्रिटिश अभ्यासाचा अंदाज असा: दहा वर्षांखालच्या १०,००० मुलांचे डोक्याचे स्कॅन केले, तर पुढच्या दहा वर्षांत ल्युकेमियाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक रुग्ण जास्तीचा. धोका छोटा आहे, पण शून्य नाही.

आता माझा आवडता अभ्यास. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला पेकार्न. उत्तर अमेरिकेतल्या २५ इमर्जन्सी विभागांतली ४२,४१२ मुलं, सगळी शुद्धीवर किंवा जवळपास शुद्धीवर असलेली. मेंदूची शस्त्रक्रिया लागली फक्त ६० जणांना. स्कॅन मात्र जवळपास १५,००० मुलांचे झाले!

दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्यातून सहा प्रश्न निघाले. मूल गुंगीत किंवा चिडचिडं आहे का? हाड मोडल्याचं हाताला लागतंय का? कपाळ सोडून दुसरीकडे टेंगूळ आहे का? पाच सेकंद किंवा जास्त शुद्ध हरपली होती? तीन फुटांहून उंचावरून पडलं, किंवा वाहनाच्या अपघातासारखा जबर मार होता? आणि आईवडिलांना ते नेहमीसारखं वाटत नाहीये का? हा शेवटचा प्रश्न मला फार भावतो. "काहीतरी बिनसलंय" हे आईचं म्हणणं इथे रीतसर लक्षण म्हणून मोजलंय.

नियम पडताळून पाहिला तेव्हा सहाही उत्तरं 'नाही' असलेली १,१७६ बाळं होती. गंभीर इजा एकालाही निघाली नाही. पहिल्या दोनपैकी एक जरी 'हो' असेल तर धोका सुमारे ४.४ टक्के, तेव्हा स्कॅन कराच. मधल्या गटात धोका ०.९ टक्के; तिथे काही तास डोळ्यांसमोर ठेवणं हाही उपचारच आहे, आणि खरी डॉक्टरकी इथेच लागते. दोन वर्षांवरच्यांची यादी थोडी वेगळी: त्यात उलट्या आणि तीव्र डोकेदुखी येतात.

हा नियम हिमोफिलियासारखा रक्त न गोठण्याचा आजार असलेल्या मुलांसाठी नाही. त्यांना थेट दवाखान्यात न्या. टाळू फुगलेली दिसली, झटका आला, उलट्या थांबेनात, तरीही तेच.

भाच्याची सहाही उत्तरं 'नाही' होती. डॉक्टरांनी स्कॅन सांगितला नाही. ताईचा पुढचा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या आज्यांचा: "झोपू देऊ का?" झोपेची वेळ असेल तर खुशाल. मधून उठवून बघायला सांगितलं असेल तर बघा. नेहमीसारखं कुरकुरून परत झोपलं तर ठीक, उठवूनही उठत नसेल तर गाडी काढा. भाचा दोन्ही वेळा कुरकुरला.